कॅटफिश धरायचा ग्रिपर: प्लॅस्टिकचा घ्या, तोही मोठ्या माशापुरता

आमच्या आयोवातल्या सीडर रॅपिड्समधल्या ओळखीच्या घरांत कुणी ना कुणी मासेमारीचं लायसन्स काढतं आणि मग मला विचारणा होते, "मासा तोंडाला धरायचा तो ग्रिपर घ्यावा का हो?" प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो. सीडर नदीवर गळाला लागतो तो बहुतेक वेळा चॅनल कॅटफिश, म्हणजे मिशावाला बिनखवल्यांचा मासा, त्यामुळे लिहितोय ते त्याच्यापुरतंच. ट्राउटवाल्यांनी यात पडू नये.

माझ्याकडचा ग्रिपर पिवळ्या प्लॅस्टिकचा, वीतभर लांब. मूठ आवळली की पुढचे दोन जबडे मिटून अडकतात, अंगठ्याने खटका ओढला की सुटतात. पंधरा डॉलरच्या आत मिळाला. सगळ्यात मोठा गुण म्हणजे पाण्यात पडला तर तरंगतो. पॅलिसेड्स-केप्लर पार्कातल्या ओल्या खडकांवरून एकदा तरी तो हातातून निसटणारच. रंग पिवळा असल्याने गढूळ पाण्यात लांबूनही दिसतो.

त्याआधी स्टीलचा, मुठीत वजनकाटा बसवलेला वापरला होता. किंमत तिप्पट. दिसायला झकास, पण खटक्यात वाळू गेली की अडकायचा, आणि जबड्याच्या कडा इतक्या धारदार की माशाच्या खालच्या ओठामागचं पातळ कातडं फाटायचं. वजनकाट्याचं म्हणाल, तर वजन करायला मासा उभा टांगावा लागतो आणि तेच करायचं नसतं. सगळा भार जबड्याच्या सांध्यावर येतो. चॅनल कॅटचा जागतिक विक्रम ५८ पौंडांचा आहे, साउथ कॅरोलायनातल्या सँटी-कूपर जलाशयातला, १९६४ सालचा. आपल्याला चार पौंडी मिळाला तर त्यासाठी वजनकाटा कशाला हवा?

आता खरी गोष्ट. लहान माशाला हा ग्रिपर लावूच नका. दीड-दोन पौंडांच्या आतल्या माशाचं तोंडच एवढुसं असतं, त्यात जबडे घालेपर्यंत तो चार कोलांट्या मारतो. आणि परांतले काटे सर्वांत टोकदार असतात ते लहानांचेच. वय वाढलं की टोकं बोथट होत जातात. मिशांना मात्र उगाच घाबरतात लोक. आठही मिशा मऊ, नुसत्या चव घ्यायच्या. टोचतात ते तीन काटे: एक पाठीवर, दोन बाजूच्या परांत. मासा बिथरला की ते ताठ करून अडकवतो, मग दाबूनही मिटत नाहीत. कोकणात शिंगाळा हाताळलेल्यांना हे सांगायला नको.

म्हणून लहान मासा हातानेच धरा. हात आधी नदीत ओला करा, कारण याला खवले नसतात, अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं पांघरूण. मग तळवा पोटाखाली न्या, बोटं डोक्याच्या दिशेला. एका बाजूचा काटा अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातून बाहेर येऊ द्या, दुसऱ्या बाजूचा पलीकडच्या दोन बोटांमधून. पाठीवरचा काटा वर राहतो, त्याचा संबंधच येत नाही. अशी पकड बसली की मासा गप्प होतो. आमची धाकटी हे दुपारभरात शिकली. टोचलंच, तर सोसेल इतक्या गरम पाण्यात बोट बुडवून ठेवा, ठणका उतरतो.

ग्रिपर कामाला येतो तो तीन पौंडांच्या पुढे. ओंडके अडकून ढीग झालेला असतो ना, त्याच्या वरच्या अंगाला प्रवाहाने खणलेल्या डोहात मोठे बसतात. तिथे चब या लहान माशाचा तुकडा आमिष म्हणून सोडला की काठी वाकते. सर्कल हुक (टोक आत वळलेला गोल गळ) असेल तर हिसका देऊ नका, काठीवर भार येऊ द्या, गळ आपसूक तोंडाच्या कोपऱ्यात बसतो. काठाशी आणला की खालचा ओठ मधोमध ग्रिपरमध्ये धरायचा. कोपरा मोकळा राहतो, दुसऱ्या हाताने पक्कड घालून गळ फिरवून काढायचा. कॅटच्या ओठांवर खरखरीत दातांची पट्टी असते, नुसत्या अंगठ्याने धरणाऱ्यांचा अंगठा दिवसाअखेर सोलवटतो. तो त्रास इथे वाचतो.

दोष? ग्रिपरचं डोकं, म्हणजे जबड्यांचा भाग, मुठीवर फिरत नाही. चॅनल कॅट ओठ धरल्याबरोबर स्वतःभोवती गिरकी घेतो, आणि तुम्ही मूठ घट्ट ठेवलीत तर पीळ त्याच्या जबड्याला पडतो. मनगट सैल ठेवून त्याच्याबरोबर फिरू द्यायचं, किंवा तो पाण्यात असतानाच ग्रिपर लावून गिरकी तिथेच संपू द्यायची. सोबत आलेली दोरी अगदीच कुचकामी होती, मी काढून बुटाची नाडी बांधली. मोठ्या फ्लॅटहेडवर, म्हणजे दुसऱ्या जातीच्या कॅटफिशवर, मात्र याचा भरवसा धरू नका. शेपटी दुभंगलेली नसेल आणि खालचा जबडा पुढे आलेला असेल तर तो फ्लॅटहेड, त्याला जाळीच बरी.

फोटो काढायचा तर ग्रिपर ओठाला असू द्या, पण दुसरा हात पोटाखाली घालून मासा आडवा धरा. कॅमेरा आधी तयार ठेवा. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून धरायचं, शेपटी मारली की खटका ओढायचा.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो न फिरणाऱ्या डोक्यासाठी. सोबत लांब नाकाची पक्कड मात्र नक्की घ्या, दोन्हींत एकच परवडत असेल तर पक्कडच.