थांब्यावरची वाट मोजायची कशी: वाय-फाय की थर्मल?

पुण्यात स्वारगेटच्या बसथांब्यावर एखाद्या आजी किती वेळ ताटकळल्या हे मोजायला वाय-फाय सेन्सर सोपा वाटतो: मोबाइलचा पहिला आणि शेवटचा संकेत, मधला वेळ म्हणजे प्रतीक्षा. पण आजींकडे साधा फोन असेल, तर त्या हिशेबातच नाहीत. शिवाय आता फोन आपला ओळखक्रमांक बदलत राहतात. एका माणसाचे दहा होतात.

छताखालचा ८ बाय ८ चा थर्मल सेन्सर ६४ ठिपक्यांचं तापमान बघतो, चेहरा नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. एकेकाची वेळ कळत नाही, पण सरासरी गर्दी भागिले दर मिनिटाला येणारे प्रवासी, या रांगांच्या गणितातल्या लिटलच्या सूत्राने सरासरी प्रतीक्षा निघते. अडचण एप्रिल-मेच्या दुपारची: तापलेली फरशी आणि माणूस सारखेच दिसतात. तरीही मी थर्मलच निवडेन.