स्पाउस व्हिसा नाकारला, आणि परत आलेले पैसेही एजंटाने खाल्ले

नवरा ब्रिटनमध्ये लेस्टरला, मी सांगलीत. 2024च्या जूनमध्ये स्पाउस व्हिसाचा, म्हणजे नवऱ्याकडे राहायला जायच्या परवानगीचा, अर्ज टाकला, ओळखीतून मिळालेल्या एका एजंटामार्फत. ‘ताई, तुम्ही फक्त सही करा’ हे त्याचं पालुपद. लॉगिनला ईमेल त्याचा, फी भरली त्याच्याच कार्डावरून. आम्ही त्याला रोख दिले. आमचं कार्ड परदेशी व्यवहाराला चालत नव्हतं, त्यामुळे तेव्हा तो उपकारच वाटला.

सप्टेंबरात नकार आला. कारण वाचून नवरा कपाळाला हात लावून बसला. पगाराची अट वर्षाला 29,000 पौंड, त्याचा पगार त्याहून जास्तच. पण नोकरी बदलून चारच महिने झालेले. एका मालकाकडे सहा महिने भरले नसतील तर मागच्या बारा महिन्यांची कमाई कागदोपत्री दाखवावी लागते. एजंटाने नव्या कंपनीच्या चार पगारपावत्या लावल्या. जुन्या कंपनीचं चिठोरंही नाही. इथवर नुसता हलगर्जीपणा म्हणता येईल.

माझी भरलेली बॅग तशीच पलंगाखाली होती. आई शेजारपाजारी ‘कागद अडकलेत’ एवढंच सांगायची. अशात हा एजंट घरी आला नि बाबांना म्हणाला, ‘काका, अपील हमखास जिंकू. 28 दिवसांत टाकावं लागतं, उद्याच पैसे द्या.’ मुदत खरीच 28 दिवसांची होती, म्हणून बाकीचंही खरं वाटलं. बाबांनी एफडी मोडून दीड लाख रोख दिले. पावती म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ आली: वर राजमुकुट, खाली ‘होम ऑफिस अपील फी’.

अपील होम ऑफिसकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या तिथल्या गृहखात्याकडे होतच नाही, ट्रायब्युनलकडे, म्हणजे वेगळ्या न्यायाधिकरणाकडे होतं. फी सुनावणीसह 140 पौंड, नुसत्या कागदांवर निकाल हवा असेल तर 80. दाखल झालं की ‘एचयू’ने सुरू होणारा क्रमांक मिळतो. मी क्रमांक मागितला की ‘सिस्टीम डाऊन आहे, ताई’. तीन महिने ती सिस्टीम डाऊनच.

शेवटी नवऱ्याने तिथल्या एका सॉलिसिटरबाईंना, म्हणजे वकीलबाईंना, कागद दाखवले. त्यांचा पहिला प्रश्न, ‘हेल्थ सरचार्ज परत आला का?’ आम्ही गप्प. हा सरचार्ज म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी अर्जासोबतच भरायची रक्कम. व्हिसा नाकारला तर अर्जाची फी, आमचे 1,846 पौंड, बुडते. पण सरचार्ज पूर्ण परत मिळतो. आमचा होता 3,105 पौंड, म्हणजे सव्वातीन लाखांच्या वर. तो जातो ज्या कार्डावरून भरला त्याच कार्डावर. आणि अपील चालू असेल तर निकालापर्यंत अडकून राहतो.

बाबांनी एजंटाला गाठलं. आधी ‘असं काही नसतं, काका’. मग, ‘ते मी खर्चात वळते केले.’ म्हणजे पैसे आले होते. आणि आले होते म्हणजे अपील गेलंच नव्हतं! त्याच्या तोंडूनच दोन्ही चोऱ्या कळल्या.

पोलीस ठाण्यात अर्ज दिलाय. रोख दिल्याचा पुरावा काय, असं विचारलं. त्याचे व्हॉइस मेसेज होते, ते शब्दन्‌शब्द लिहून दिले. त्याच्या ऑफिसवर ‘100 टक्के व्हिसा’ची पाटी अजून आहे.

नवा अर्ज आम्ही दोघांनी रात्री फोनवर बोलत बोलत स्वतः भरला. सहाच्या जागी दहा पगारपावत्या, मालकाचं पत्र, बँकेची स्टेटमेंट. ईमेल माझा, कार्ड नवऱ्याचं. अजून निकाल आलेला नाही.