आरिया-टू, सात महिन्यांनंतर: आकार पूर्ण, फाइल अर्धी

आरिया-टू या कमांडने चालणाऱ्या डाउनलोडरने ठाण्यात उतरवून मुरबाडला पेनड्राइव्हवर पाठवलेला १.१ जीबीचा इन्स्टॉलर तिकडे उघडलाच नाही. ‘इन्स्टॉलर इंटिग्रिटी चेक हॅज फेल्ड’, एवढाच निरोप. दोन्हीकडे फाइलचा आकार बाइटपर्यंत सारखा, म्हणून आधी पेनड्राइव्हवर संशय गेला, मग अँटिव्हायरसवर. खरं कारण इकडेच होतं. कॉपी मारली तेव्हा डाउनलोड चालूच होतं.

सात महिन्यांत आरिया-टूबद्दल एकच मोठी तक्रार आहे, ती हीच. हे डाउनलोडर सुरुवातीलाच डिस्कवर पूर्ण जागा अडवून ठेवतं. त्यामुळे वीस टक्के उतरलेली फाइलसुद्धा पूर्ण आकाराची दिसते. उरलेल्या भागात नुसती शून्यं असतात. ब्राउझर अर्धवट फाइलला वेगळं नाव देतात, आरिया-टू मात्र पहिल्यापासून खऱ्या नावानेच लिहितं. खूण एकच: शेजारी त्याच नावाची, शेवटी ‘डॉट आरिया-टू’ असलेली छोटी कंट्रोल फाइल. ती दिसतेय तोवर मोठी फाइल अपुरी.

ही छोटी फाइल कचरा समजून कुणी उडवली की खरा घोळ होतो. नंतर ‘कंटिन्यू’ पर्याय लावून कमांड चालवली, तर आरिया-टू लांबी मोजतं, ती पूर्ण भरते, आणि काम झालं असं समजून थांबतं. जागा आधी अडवण्याचा ‘फाइल-ॲलोकेशन’ हा पर्याय ‘नन’ म्हणजे बंद केल्यावर प्रश्न मिटेल असं वाटलं होतं. नाही मिटला. अनेक तुकड्यांत डाउनलोड असेल तर शेवटचा तुकडा आधी लिहून झाला की आकार पुन्हा पूर्ण दिसतो.

एवढं असूनही ते सोडलेलं नाही. शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असते तेव्हा याची किंमत कळते. प्रगतीची नोंद दर ६० सेकंदांनी कंट्रोल फाइलमध्ये होते, त्यामुळे वीज गेली तरी साधारण मिनिटभराचंच काम वाया जातं. परत तीच कमांड द्यायची. एका सर्व्हरशी मुळात एकच कनेक्शन उघडतं, नुसता ‘स्प्लिट’ म्हणजे तुकड्यांचा आकडा वाढवून वेग वाढत नाही. सुरुवातीला कमाल १६ कनेक्शनं ठेवली होती. काही सर्व्हर तेवढी देत नाहीत, म्हणून आता चारच. लाइन अडखळते तिथे ‘मॅक्स-ट्राइज’ शून्य, म्हणजे अमर्याद, आणि ‘रिट्राय-वेट’ ३० सेकंद. मुळात प्रयत्न पाचच असतात आणि मध्ये थांबणं शून्य.

खरा आधार ‘चेकसम’ पर्यायाचा. शा-२५६ म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा, तिची ओळख पटवणारा ६४ अक्षरी आकडा; अधिकृत पानावरचा तो कमांडमध्येच द्यायचा, जोडीला ‘चेक-इंटिग्रिटी’. आकडा जुळला नाही तर तीच कमांड परत दिल्यावर फाइल पहिल्यापासून उतरते, १.१ जीबी परत. रोजच्या दीड जीबीच्या मोबाइल पॅकवर हे परवडत नाही, म्हणून आधी दोष ओळखावा. फाइल काही केबीचीच असेल तर ती नोटपॅडमध्ये उघडा. बहुतेक वायफायचं लॉगिन पान त्या नावाने उतरलेलं असतं. दोनदा उतरवून दोन्ही वेळा तोच चुकीचा आकडा येत असेल तर पानावरून घेतलेला आकडा दुसऱ्या आवृत्तीचा आहे का ते बघा, किंवा मधली कॅश, म्हणजे वाटेत साठवलेली प्रत, जुनी फाइल देत असेल. एकाच फाइलचा आकडा दर वेळी बदलत असेल तर रॅम किंवा डिस्क तपासा. तिथे पुन्हा डाउनलोड करून काही होणार नाही.

तिकडच्या माणसासाठी पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा; फॅट-३२ वर ४ जीबीची एक फाइल मावत नाही. कॉपीनंतर लगेच आकडा काढू नका, विंडोज तो मेमरीतल्या प्रतीवरूनही काढू शकतं. ‘इजेक्ट’ करून पेनड्राइव्ह परत लावा, मग तपासा. पलीकडे सेव्हन-झिप असलं की फाइलवर राइट क्लिक करून शा-२५६ निघतो. फोनवर ६४ अक्षरं वाचत बसायला नको. पहिली आठ जुळली तर चुकून बिघडलेली फाइल निसटण्याची शक्यता चार अब्जांत एकाहून कमी. मुद्दाम बदललेल्या फाइलसाठी मात्र पूर्ण आकडाच हवा. पायथन या प्रोग्रामिंग भाषेची पॅकेजेस तिच्या ‘पिप डाउनलोड’ या कमांडने गोळा करताना तिकडची पायथन आवृत्ती आणि ३२ की ६४ बिट हे आधी विचारून घ्या. फाइल धडधाकट असूनही बसत नाही ती बहुतेक यामुळेच.

एक खराब प्रत म्हणजे मुरबाडहून एसटीने कल्याण, पुढे लोकलने ठाणे, आणि अख्खा दिवस गेला. म्हणून आता दोन फोल्डर केलेत, ‘अपुरे’ आणि ‘तयार’. डाउनलोड ‘अपुरे’मध्येच होतं. आरिया-टूचा एक्झिट कोड, म्हणजे काम संपल्यावर ते परत देतं तो आकडा, शून्य आला तरच बॅच फाइल (ओळीने कमांड चालवणारी फाइल) तो इन्स्टॉलर ‘तयार’मध्ये हलवते, चेकसम चुकला तर कोड ३२ येतो आणि फाइल जागची हलत नाही. पेनड्राइव्ह भरायचा तो फक्त ‘तयार’मधून.