निमरॉड आर-१ चं १/७२ किट: डब्यावर आर-१, आत बरंचसं एमआर-२

ब्रिटिश हवाई दलाच्या निमरॉड आर-१ विमानाचं १/७२ किट, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं जोडायचं प्लास्टिकचं मॉडेल, पुण्यात अधूनमधून मिळतं, किंमत साडेसहा हजारांच्या घरात. घेण्याआधी शोकेसचा कप्पा मोजा. पंखांची रुंदी ४८.६ सेंमी भरते, म्हणजे नेहमीच्या कप्प्यात विमान तिरकंच बसणार.

मूळ साचा पाणबुड्या शोधणाऱ्या एमआर-२ चा आहे. आर-१ चं काम वेगळं, दुसऱ्यांचे रेडिओ आणि रडार संदेश टिपायचं. त्यामुळे शेपटाचा लांब दांडा जाऊन तिथे बुटका घुमट येतो आणि पंखांवरच्या इंधनटाक्यांच्या नाकावरही घुमट येतात. हे भाग किटात आहेत, पण टाकीवरचा घुमट जोडावर केसभर जाड निघतो. पुट्टी भरत बसू नका, ४०० च्या पॉलिश पेपरने घुमटच घासून जोडाच्या पातळीला आणा.

खरी गोची सूचनापत्रकात आहे. ५१ स्क्वाड्रनने हे विमान १९७४ पासून २०११ पर्यंत वापरलं आणि तेवढ्या काळात त्याचं रूप पालटलं, पण पत्रक सगळं एकाच विमानावर चढवायला सांगतं. म्हणून आधी साल ठरवा. हवेत इंधन घेण्याची नळी आणि आडव्या शेपटावरचे छोटे उभे पंख १९८२ च्या फॉकलंड युद्धाच्या निमित्ताने आले. त्याआधीचं, वरून पांढरं विमान करायचं तर दोन्ही गाळा. नळी लावणार असाल तर किटातली फेकून द्या, ती हात लागला की मोडते. औषधाच्या दुकानातली इंजेक्शनची सुई कापून लावली की काम झालं.

चारही इंजिनं पंखांच्या मुळात दडलेली, कॉमेट प्रवासी विमानाचा वारसा. हवा घेणाऱ्या बोगद्यांचा जोड समोरून थेट दिसतो. पंख बंद केल्यावर तिथे बोट जात नाही, म्हणून बोगदे आधीच घासून, पांढरे रंगवून मगच बसवा. नाकात वजन हवंच. सांगाडा टेपने जोडून मुख्य चाकांवर तोला आणि नाक खाली टेकेपर्यंत मासेमारीच्या गळाची शिशाची वजनं वाढवत जा. ती सैल राहिली तर नंतर आत खुळखुळतात, फेविक्विकने घट्ट करा.

शेवटचं वार्निश जुलै-ऑगस्टमध्ये मारू नका. पुण्याच्या दमट हवेत ते पांढुरकं पडतं आणि या विमानाच्या नंतरच्या, हेम्प नावाच्या फिक्या मातकट रंगावर तो डाग लपत नाही.

डिकाल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं, पातळ आणि छपाई स्वच्छ. विमानांचे क्रमांक मात्र एक्सडब्ल्यू ६६४ आणि एक्सव्ही २४९ एवढेच. एक्सडब्ल्यू ६६६ ची गोष्ट सर्वांत नाट्यमय, नेमकं तेच नाही. १६ मे १९९५ ला इंजिनाला आग लागली आणि वैमानिकाने ते स्कॉटलंडजवळ मोरे फर्थ या खाडीच्या पाण्यावर उतरवलं, आतले सातही जण वाचले. त्याची जागा भरायला एमआर-२ मधून बदलून घेतलेलं विमान म्हणजे एक्सव्ही २४९, त्यामुळे २४९ ला १९७४ चा रंग देऊ नका.

६६६ करायचं तर जादा डिकालमधला ६ कापून ४ च्या जागी लावा. उरलेले आकडे जपून ठेवा. निमरॉडनंतर आलेल्या तीन आरसी-१३५ या टेहळणी विमानांना झेडझेड ६६४, ६६५ आणि ६६६ हेच क्रमांक मिळाले, फक्त आकड्यांची उंची फोटोवरून ताडून घ्या.