'द गॉडफादर'ची ४के डिस्क: काही महिन्यांच्या वापरानंतर

"चित्र फार काळोखं आहे" ही या डिस्कबद्दलची नेहमीची तक्रार. बऱ्याचदा दोष टीव्हीच्या सेटिंगचा असतो, आणि थोडा काळोख तर मुद्दाम ठेवलेलाच आहे. छायाचित्रकार गॉर्डन विलिस यांनी दिवे डोक्यावरून लावले, म्हणून डॉन कॉर्लिओनेच्या डोळ्यांवर सावली पडते. ती उजळायला ब्राइटनेस वाढवलात तर काळा रंग राखाडी होतो आणि चित्रपटाचा जीवच जातो.

पारखायला सुरुवातीची काही मिनिटं पुरतात. आधी अंधारात डॉनकडे न्याय मागायला आलेल्या बोनासेराचा चेहरा, मग डॉनची खोली, आणि लगेच बाहेर लग्नाचं लख्ख ऊन. सेटिंग न बदलता दोन्ही नीट दिसायला हवं. काळ्या कोटाची घडी पुसट का होईना ओळखू यावी, आणि कोटावरचं गुलाब गडद लालच दिसावं, केशरी नाही.

टीव्हीचा पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'डॉल्बी व्हिजन डार्क'वर ठेवा (डॉल्बी व्हिजन म्हणजे दृश्यागणिक उजेड-अंधार जुळवणारं एचडीआर तंत्र). वीजबचत आणि खोलीतल्या उजेडानुसार बदलणारा सेन्सर बंद करा. अंधाऱ्या दृश्यांची सर्वात जास्त नासधूस हे दोघे करतात. मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमरीत्या गुळगुळीत करणारी सोय) बंद, नॉइज रिडक्शनही बंद. पडद्यावर हलणारे बारीक कण फिल्मचे स्वतःचे आहेत. नॉइज रिडक्शन त्यांना कचरा समजून पुसतं आणि चेहरे मेणाचे दिसू लागतात. एचडीएमआयची रेंजही (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा पल्ला) दोन्हीकडे एकच हवी: प्लेअर 'फुल' आणि टीव्ही 'लिमिटेड' असेल तर सावल्यांतला तपशील बुडतो, उलट असेल तर सगळं धुरकट दिसतं.

सॅमसंगच्या टीव्हींवर आणि प्लेस्टेशन ५ मधून डॉल्बी व्हिजन मिळत नाही, एचडीआर१० या साध्या एचडीआरवर भागवावं लागतं. इथे फार बिघडत नाही. या प्रतीत डोळे दिपवणारी चमक मुळात ठेवलेलीच नाही, आणि हा निर्णय शहाणपणाचा आहे.

चित्राच्या दर्जामागे मोठं काम आहे. १९७२ नंतर इतक्या प्रती काढल्या गेल्या की मूळ निगेटिव्ह झिजून फाटलं होतं. जुने चित्रपट दुरुस्त करणारे तज्ज्ञ रॉबर्ट हॅरिस यांनी २००८ पर्यंत पहिलं मोठं पुनरुज्जीवन केलं. २०२२ च्या ४के आवृत्तीसाठी पॅरामाउंटने तिन्ही भागांचे मिळून फिल्मचे ३०० हून अधिक खोके धुंडाळले, आणि डाग व फाटलेले भाग दुरुस्त करण्यात ४,००० हून अधिक तास गेले. तरीही काही जागा मऊ दिसतात, विशेषतः एक दृश्य दुसऱ्यात विरघळतं तिथे. त्या काळी असे जोड ऑप्टिकल प्रिंटरवर, निगेटिव्हची नक्कल काढून होत. तेवढ्यापुरते कण वाढतात. डिस्क बदलून मागू नका.

स्ट्रीमिंगवर हाच चित्रपट पाहिला तर अंधाऱ्या भिंतींवर पट्टे आणि चौकोन उमटतात. कमी बिटरेटमध्ये (सेकंदाला कमी डेटा आला की) सर्वात आधी गडद छटांचाच बळी जातो. सगळा खेळच छायेत असलेल्या चित्रपटाला डिस्कचा खर्च म्हणूनच सार्थ वाटतो. ४के डिस्कला रीजन कोड नसतो. साध्या ब्लू-रेला असू शकतो (भारत सी, अमेरिका ए), त्यामुळे बाहेरून संच मागवताना तेवढं तपासा.

आवाजाचे दोन पर्याय आहेत: ध्वनितज्ज्ञ वॉल्टर मर्च यांनी संमत केलेला ५.१ (भोवतालच्या अनेक स्पीकरांसाठी), आणि १९७२ चा पुनरुज्जीवित मोनो (सगळा आवाज एकाच वाहिनीत). मोनोच निवडा, चित्रपटगृहात लोकांनी तोच ऐकला होता. दोनच स्पीकर असतील तर बरोबर मध्ये बसा. रिसीव्हर (अनेक स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर) असेल तर त्यावर 'डॉल्बी सराउंड' मोड लावा, आवाज मधल्या स्पीकरवर येईल. सगळ्या स्पीकरांतून तोच आवाज काढणारा 'ऑल चॅनल स्टिरिओ' मात्र नको.

ब्राँक्सच्या रेस्टॉरंटमधल्या प्रसंगासाठी नाइट मोड बंद ठेवा, आणि रिसीव्हरमधली डायनॅमिक रेंज कम्प्रेशन (हळू आणि मोठ्या आवाजातला फरक कमी करणारी सोय) 'ऑटो'वर असेल तर तीही. डॉनचा मुलगा मायकल पिस्तूल काढण्याआधी पडद्यावर न दिसणाऱ्या रेल्वेचा कर्कश आवाज चढत जातो. कम्प्रेशन चालू असेल तर तो चढ सपाट होतो आणि मायकलच्या डोक्यात काय चाललंय ते ऐकूच येत नाही. त्या टेबलावरच्या इटालियन बोलण्याला मूळ चित्रपटात सबटायटल नाहीत. डिस्कवर ती दिसत नाहीत म्हणून मेनूत शोधत बसू नका. तिथे चेहरेच वाचायचे आहेत.