कर्बल स्पेस प्रोग्रॅममध्ये स्पेसप्लेन: कित्येक महिने वापरल्यानंतरचा अनुभव

कर्बल स्पेस प्रोग्रॅम या रॉकेटं-विमानं बांधून उडवायच्या गेमचा पहिला भाग, आवृत्ती १.१२, कुठलाही मॉड (इतरांनी बनवलेली जोड) न घालता कित्येक महिने फक्त स्पेसप्लेनसाठी, म्हणजे धावपट्टीवरून कक्षेत जाऊन परत येणाऱ्या विमानांसाठी, वापरल्यानंतर माझं मत पक्कं झालंय: विमान कक्षेत पोचेल की नाही याची चिंता बहुतेक जण आधी करतात, पण डिझाइन करायला हवं ते परतीसाठी. वर जाताना टाक्या भरलेल्या असतात आणि विमान शहाण्यासारखं उडतं. खाली येताना टाक्या रिकाम्या, इंजिनं मागे, आणि ३० किमीवर तेच विमान शेपूट पुढे करून गिरक्या घेतं.

याचं मूळ हँगरमध्येच, म्हणजे गेममध्ये विमान बांधायच्या जागीच दिसतं. वस्तुमानकेंद्राचा पिवळा गोळा आणि लिफ्टचा (हवेच्या उचलीचा) निळा गोळा दोन्ही चालू करा. निळा पिवळ्याच्या थोडा मागे हवा, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ही तपासणी भरलेल्या टाक्यांवर करून थांबू नका. प्रत्येक टाकीवर राइट-क्लिक करून इंधनाचा स्लायडर शून्यावर आणा आणि पिवळा गोळा किती मागे सरकतो ते पाहा. रॅपियर म्हणजे जेट आणि रॉकेट दोन्ही म्हणून चालणारं इंजिन; एकाचं वजन २ टन, आणि दोन-दोन रॅपियर शेपटीला असले की रिकाम्या विमानाचा तोल मागे जाणारच. पिवळा निळ्याच्या मागे गेला तर ते विमान परत येणार नाही, एसएएस (विमान आपोआप स्थिर ठेवणारी यंत्रणा) कितीही चांगलं असो. उपाय तीनच: इंजिनं पंखांवर घेऊन पुढे सरकवा, टाक्या वस्तुमानकेंद्राच्या दोन्ही बाजूंना सारख्या वाटा, नाहीतर पंख मागे घ्या. परतीपूर्वी उरलेलं इंधन पुढच्या टाकीत ओतता येतं, पण तो आधार म्हणून ठेवावा, डिझाइन त्यावर उभं करू नये.

निळ्या गोळ्यावरही पूर्ण विसंबू नका. तो पंखांसारख्या लिफ्ट देणाऱ्या भागांचाच हिशेब करतो, साध्या फ्युसलाजवर (विमानाच्या धडावर) येणारा हवेचा जोर त्यात नसतो. लांब नाकाच्या विमानाची खरी स्थिरता म्हणूनच गोळे दाखवतात त्यापेक्षा कमी निघते. उभी शेपूट हाताशी आहे त्याहून एक माप मोठी लावा.

आता इंधनाचा हिशेब. रॅपियर जेट म्हणून ३२०० सेकंद इम्पल्स (इंधन किती काटकसरीने वापरतं याचं माप) देतो, रॉकेट म्हणून निर्वातात ३०५. जेटवर सुमारे १४०० मी/से गाठले, तर कर्बिनच्या (गेममधल्या पृथ्वीसारख्या ग्रहाच्या) फिरण्याचे १७५ फुकट मिळून कक्षीय वेग १५७५ होतो. ८० किमीच्या कक्षेला २२७९ लागतात. फरक ७०० चा, त्यात वर चढणं आणि उरलेल्या हवेचा ड्रॅग (अडथळा) धरून ९०० मी/से ठेवा. एवढ्यासाठी वजनाचं गुणोत्तर १.३५ येतं, म्हणजे जेटवरून रॉकेटवर मोड बदलताना २० टन भरणाऱ्या विमानात ५.२ टन रॉकेट इंधन हवं: ४६८ युनिट लिक्विड फ्युएल, ५७२ युनिट ऑक्सिडायझर. तीन एफएल-टी४०० टाक्यांत ५४० आणि ६६० येतात, म्हणजे कक्षेत इकडेतिकडे करायला आणि परतीलाही शिल्लक राहतं. जेटसाठी वेगळी एक एमके१ लिक्विड फ्युएल फ्युसलाज घ्या, ४०० युनिटची, म्हणजे २ टन इंधनाची. उड्डाणाचं वजन २२ टनांच्या आसपास जातं आणि दोन रॅपियर ते आरामात नेतात. एका रॅपियरवर १५ टनांपर्यंत काम सुखात होतं, त्यापुढे ध्वनीवेगाशी झगडावं लागतं.

इथे एक गोष्ट हटकून बिघडते. जेट चालू असताना लिक्विड फ्युएल सगळ्याच टाक्यांतून कमी होतं. मोड बदलायच्या क्षणी लिक्विड फ्युएल आणि ऑक्सिडायझर यांचं प्रमाण ९ला ११ उरलं नसेल तर एक आधी संपतं आणि दुसरं ओझं होऊन बसतं. ऑक्सिडायझर नेहमी उरत असेल तर पुढच्या वेळी तो हँगरमध्येच कमी भरा. गेमच्या डेल्टा-व्हीच्या (इंधनातून एकूण किती वेग बदलता येईल त्याच्या) आकड्यावर इथे विसंबू नये, जेट आणि रॉकेट एकाच इंजिनात असले की तो गोंधळतो. कागद-पेन्सिलच बरी.

ड्रॅग हा या गेमचा सर्वांत शिकण्यासारखा भाग. उडताना एफ१२ दाबा, लाल बाण म्हणजे ड्रॅग. कुठला भाग विमानाला मागे ओढतोय ते डोळ्यांना दिसतं. आकडे हवे असतील तर ऑल्ट-एफ१२ मध्ये, फिजिक्सखाली, एअरोचे आकडे भागांच्या मेन्यूत दाखवायची सोय आहे. दोन गुन्हेगार नेहमीचे. पहिला एमके२ हा चपटा फ्युसलाज: दिसायला देखणा, पण नाक हवेच्या दिशेपासून जरा वर झालं की ड्रॅग झपाट्याने वाढतो. उपाय म्हणजे पंख फ्युसलाजच्या तुलनेत वर वळवून बसवणं. पंख धरलेला असताना शिफ्टसह डब्ल्यू किंवा एस एकदा दाबलं की ५ अंश मिळतात. मग लिफ्ट पंख देतात आणि फ्युसलाज सरळ वारा कापत जातो. दुसरा गुन्हेगार उघडा सपाट मागचा भाग. रॅपियरच्या मागच्या नोडला (भाग जोडायच्या बिंदूला) शंकू लावून ऑफसेटने आत ढकलला की ड्रॅग बराच उतरतो. वास्तवात याला काही अर्थ नाही, गेमचं गणित तसं आहे. मला ते खटकतं, पण फरक मोठा आहे.

धावपट्टीवरची चाकं हा गेमचा सगळ्यात कच्चा दुवा. विमान वेग घेताना एका बाजूला ओढलं जातं तेव्हा बहुतेक वेळा चाकं एकमेकांना समांतर नसतात. ती थेट वाकड्या भागावर न लावता रोटेशन टूल अ‍ॅब्सोल्यूटवर ठेवून उभी सरळ करा, पुढच्या चाकाचं फ्रिक्शन कमी करा, ब्रेक शून्यावर आणा. मागची चाकं वस्तुमानकेंद्राच्या जरा मागे. फार मागे गेली तर नाक उचलतच नाही आणि धावपट्टी संपते.

चाचणीचा क्रम माझ्या मते उलटा हवा. टाक्या जवळपास रिकाम्या ठेवून विमान धावपट्टीवर आणा, ऑल्ट-एफ१२ च्या चीट मेन्यूतून सेट ऑर्बिटने ८० किमीच्या कक्षेत ठेवा, आणि आधी परत आणून दाखवा. पेरिअ‍ॅप्सिस (कक्षेचा सर्वांत खालचा बिंदू) ३० किमीवर आणायला फक्त ४४ मी/से लागतात. नाक ३० ते ४० अंश वर धरा आणि वेग १००० मी/से खाली येईपर्यंत तसंच ठेवा. ते आपोआप टिकतं, की पिच पूर्ण दाबूनही सुटतं, यावरून सगळं कळतं. सुटलं तर थेट हँगरमध्ये. ही चाचणी काही मिनिटांची, आणि चढाईवर घालवायचा अख्खा वेळ वाचवते.

चढाईत खरी अडचण एकच, ध्वनीवेग. ३२० ते ३६० मी/से दरम्यान ड्रॅग शिखरावर असतो आणि रॅपियरचा जोर अजून आलेला नसतो. विमान तिथे अडलं तर वर ओढू नका. नाक क्षितिजावर आणा, गरज पडली तर २-३ अंश खाली, आणि ४०० पार होऊ द्या. त्यानंतर इंजिन स्वतःच पळायला लागतं, कारण त्याचा जोर मॅक ३.७५ ला (ध्वनीवेगाच्या ३.७५ पट) सर्वाधिक असतो आणि मॅक ६ ला शून्य. तिथून १० अंशांनी चढत २० किमीला १४०० च्या आसपास पोचा. मोडबदल स्वयंचलित ठेवू नका, एकेक इंजिन वेगवेगळ्या क्षणी बदललं की विमान बाजूला फिरतं. दोन्ही रॅपियर मॅन्युअलवर, आणि टॉगल मोड एकाच अ‍ॅक्शन ग्रुपवर (एका बटणाला जोडलेल्या आज्ञांवर). २२ ते २४ किमीवर वेग वाढायचा थांबला की बटण दाबा, नाक १५-२० अंशांवर न्या, अ‍ॅपोअ‍ॅप्सिस (कक्षेचा सर्वांत वरचा बिंदू) ७५ किमी पार झालं की इंजिन बंद.

न्यूक्लिअर नर्व्ह इंजिनाबद्दल थोडक्यात: ८०० सेकंद इम्पल्स मोहात पाडतो, पण वजन ३ टन आणि जोर ६० किलोन्यूटन. फक्त कक्षेपर्यंत जायचं असेल तर घेऊ नका. मुनपलीकडे (कर्बिनच्या चंद्रापलीकडे) जायचं असेल तरच त्याची किंमत वसूल होते.

मॉडपैकी आरसीएस बिल्ड एड एवढाच आवर्जून सुचवेन. रिकाम्या विमानाचं वस्तुमानकेंद्र तो वेगळ्या खुणेने दाखवतो, प्रत्येक टाकीचा स्लायडर हलवत बसावं लागत नाही. फेरम एअरोस्पेसने वायुगतिकी जास्त खरी होते, पण वर दिलेले आकडे मग लागू राहत नाहीत, डिझाइन पहिल्यापासून मांडावं लागतं. आधी मूळ गेममध्ये एक विमान कक्षेतून धावपट्टीवर परत आणा, मग तिकडे वळा.