बायपास फिल्टर की वेळेवर ऑइल?
साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट रोज चढणारी डिझेल गाडी असली की नेहमीच्या फिल्टरच्या जोडीला बायपास ऑइल फिल्टर बसवायचा मोह होतोच. नेहमीचा फिल्टर साधारण 20 ते 40 मायक्रॉनचा कचरा अडवतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). बायपास थोडंथोडं ऑइल बाजूला घेऊन 2-3 मायक्रॉनपर्यंत गाळतो. पण त्यासाठी ऑइल प्रेशरच्या लाइनला टी (T आकाराचा जोड) जोडायची, परतीचा पाइप इंजिनाखालच्या ऑइल चेंबरला द्यायचा. एक जोड सैल झाला की ऑइल रस्त्यावर, वॉरंटीची कटकट वेगळीच! शिवाय ऑइलमध्ये उतरलेलं डिझेल काही तो काढत नाही. उसाच्या मोठ्या ट्रकला एका वेळी 15-20 लिटर ऑइल लागतं, तिथं हिशोब जमतो. साताऱ्यात भाजी आणायच्या 4 लिटरवाल्या गाडीला? मी आपला डिपस्टिक पुसून बघतो आणि वेळेवर ऑइल-फिल्टर बदलतो.